तेलगळती
तेलवाहू जहाज, समुद्रतळावरील विहीर, नळवाहिनी किंवा साठवण टाकी यांतून खनिज तेल पाण्यात सांडणे म्हणजे तेलगळती. किती तेल सांडले यापेक्षा ते कोणत्या जातीचे, कोणत्या ऋतूत आणि कसल्या किनाऱ्याजवळ सांडले यावर हानी अधिक अवलंबून असते.

पाण्यावर पडताच तेल पसरते. हलक्या कच्च्या तेलाचा ७५ टक्क्यांपर्यंत भाग काही दिवसांत उडून जातो. उरलेल्या तेलात लाटा पाणी घुसळतात आणि घट्ट, तपकिरी पायस म्हणजे तेल-पाण्याचे एकजीव मिश्रण बनते. त्यात ६० ते ८० टक्के पाणी असू शकते. गोळा करायचा ऐवज त्यामुळे तीन-चार पट होतो. तवंग प्रवाहाबरोबर वाहतो, शिवाय वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे ३ टक्के वेगाने त्याच्या दिशेने सरकतो.

तेलाने पक्ष्यांची पिसे चिकटतात, त्यांतील हवेचा थर नाहीसा होतो आणि पक्षी गारठून मरतात; चोचीने पिसे साफ करताना तेल पोटातही जाते. खारफुटीच्या श्वसनमुळांवरील रंध्रे बुजतात. तेलातील बहुवलयी सुगंधी हायड्रोकार्बने (कार्बनच्या अनेक कड्या जोडलेली विषारी संयुगे) माशांच्या भ्रूणांच्या हृदयवाढीत बिघाड करतात.

तवंग अडवण्यासाठी बूम म्हणजे तरंगते कुंपण लावतात. काटकोनात येणारा प्रवाह ०.७ नॉटच्या (तासाला सुमारे १.३ किलोमीटर) पुढे गेला की तेल बूमखालून निसटते, म्हणून वेगवान पाण्यात ते तिरके लावून तेल संथ भागाकडे वळवतात. जमलेले तेल स्किमर म्हणजे पृष्ठभागावरून तेल गोळा करणाऱ्या यंत्राने उचलतात. चकती किंवा ब्रशचे स्किमर पाणी कमी ओढतात. बांधाच्या धर्तीचे, म्हणजे तेल काठावरून आत ओसंडू देणारे स्किमर खवळलेल्या समुद्रात मुख्यतः पाणीच गोळा करतात. तवंग जागेवरच जाळण्यासाठी त्याचा थर किमान २ ते ३ मिलिमीटर जाड हवा. पायसात पाणी २५ टक्क्यांहून अधिक झाले, तर ते पेटणे कठीण.

सर्वाधिक वाद डिस्पर्संट म्हणजे तेल विखुरणाऱ्या रसायनांविषयी आहे. यातील पृष्ठसक्रिय (साबणासारखी) द्रव्ये तवंगाचे सूक्ष्म थेंब करून ते पाण्यात विखुरतात. तेल नष्ट करीत नाहीत. नेहमीचे प्रमाण २० भाग तेलास १ भाग डिस्पर्संट. लाटांची घुसळण नसेल किंवा तेल फार दाट झाले असेल, तर फवारा वाया जातो. १९६७ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ ‘टोरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज फुटल्यावर तेल विखुरण्यासाठी सुमारे १०,००० टन विषारी द्रव्ये वापरली गेली. फवारलेले खडक पूर्वस्थितीला यायला दहा ते पंधरा वर्षे लागली, न फवारलेले दोन-तीन वर्षांत सावरले. आजची मिश्रणे बरीच सौम्य आहेत. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या मंचाच्या दुर्घटनेतील गळतीत सुमारे ७० लाख लिटर डिस्पर्संट वापरले गेले. त्यांपैकी मोठा भाग सुमारे १,५०० मीटर खोलीवर, विहिरीच्या तोंडाशीच सोडला होता. काही प्रयोगांत त्यामुळे जीवाणूंचे विघटनकार्य वाढले, काहींत तेलभक्षी जीवाणू दबले. प्रयोगशाळेतील प्रमाणे खुल्या समुद्रातील प्रमाणांशी क्वचितच जुळतात, हे येथे लक्षात घ्यावे लागते. किनाऱ्याची हानी टाळून ती पाण्यातील जीवांवर टाकणारा सौदा, असे या उपायाकडे पाहणे अधिक सयुक्तिक वाटते. उथळ, बंदिस्त पाण्यात तो सहसा वर्ज्य मानतात.

किनाऱ्यावर अतिउत्साह घातक ठरतो. अलास्कात १९८९ च्या ‘एक्सॉन वाल्डेझ’ या तेलवाहू जहाजाच्या गळतीनंतर तीव्र दाबाच्या गरम पाण्याने धुलाई केली. तेलातून वाचलेले जीवही तिने मारले. दलदलीत पायांनी व यंत्रांनी तेल चिखलात रुतते, तेव्हा पुष्कळदा ती न छेडणेच बरे. नायट्रोजन व फॉस्फरसयुक्त खत देऊन जीवाणूंची वाढ करता येते, पण ऑक्सिजन पोचतो तेथेच. ‘एक्सॉन वाल्डेझ’ची गळती झालेल्या प्रिन्स विल्यम साउंड या अलास्कातील खाडीच्या किनाऱ्यावरील गोट्यांखाली २००१ च्या पाहणीतही ओले तेल सापडले.