कोपराचे अतिताण विकार (फेक करणाऱ्या मुलांमधील)

साधारण ९ ते १५ वर्षे वयात, कोपरातील हाडे पुरती जुळून येण्याआधी, वारंवार जोरात फेक केल्याने होणारे विकार. त्यांचा अभ्यास मुख्यतः अमेरिकेतील बेसबॉल खेळणाऱ्या मुलांवर झाला. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात त्यांचा संबंध शालेय भालाफेक आणि क्रिकेटमधील सीमारेषेवरची फेक यांच्याशी येतो. गोलंदाजी त्यात फारशी मोडत नाही. तिच्यात कोपर जवळजवळ ताठ असते आणि अतिताण बहुधा कमरेवर पडतो.

हात मागून पुढे झेपावताना कोपर आतील बाजूस उघडू पाहते. त्यामुळे आतली बाजू ताणली जाते, बाहेरची दबते आणि मागचे टोक खाचेत घासते. भुजास्थीचा (दंडाच्या हाडाचा) आतील उंचवटा १५ ते १७ वर्षांच्या सुमारास, कोपरातील इतर भागांनंतर, जुळतो. तोवर त्याखालची वाढीची चकती (हाड जिथून वाढते तो मऊ थर) अस्थिबंधापेक्षा, म्हणजे हाडांना जोडणाऱ्या पट्ट्यापेक्षा, कमकुवत असते. म्हणून प्रौढाचा अस्थिबंध फाटेल अशा ओढीने मुलाची चकती रुंदावते, क्वचित उंचवटाच निखळतो.

‘लिटल लीगर्स एल्बो’ (लिटल लीग ही अमेरिकेतील मुलांची बेसबॉल संघटना) हे नाव ब्रॉग्डन व क्रो यांच्या १९६० मधील क्ष-किरण वर्णनापासून रूढ झाले. ते आतील उंचवट्यापुरते होते. पुढे बाहेरच्या बाजूचे विकारही त्यातच घातले गेले. हा सैल वापर टाळलेला बरा, कारण दोहोंचे भवितव्य वेगळे आहे. बाहेरच्या बाजूस साधारण १० वर्षांखाली पॅनरचा विकार (हाडाच्या टोकाचा रक्तपुरवठा घटून ते तात्पुरते मऊ पडणे; वर्णन १९२७) होतो, तो बहुधा आपोआप भरून येतो. त्यापुढच्या वयात कूर्चेसह हाडाचा तुकडा सुटू शकतो. कोनिग यांनी १८८७-८८ च्या सुमारास अशा विकाराला नाव दिले. सुटा तुकडा सांध्यात अडकला की हात मध्येच अडतो. कारणाबाबतही मतभेद आहेत. पूर्वी बेसबॉलमधील वळणारा चेंडू (कर्व्हबॉल) दोषी मानला जाई. फेकींची संख्या आणि थकलेल्या हाताने चालू ठेवलेली फेक यांना दोष देणारे मत अधिक ग्राह्य वाटते. अमेरिकेतील लिटल लीगने २००७ पासून डावांऐवजी फेकी मोजायला सुरुवात केली.

भालाफेकीत दोष सहज दिसतो: कोपर खांद्याच्या खाली घसरते आणि भाला बाजूने गोल फिरून सुटतो. भाल्याचे वजनही महत्त्वाचे. १८ वर्षांखालील मुलांसाठी ७०० व मुलींसाठी ५०० ग्रॅम हे मान असताना शाळेत एकच ८०० ग्रॅमचा भाला असला, तर लहान मूल वजन खांद्याऐवजी कोपराने ओढते. तालुका स्पर्धांच्या दिवसांत सकाळी भाला आणि संध्याकाळी टेनिस चेंडूचे क्रिकेट, अशा दोन्ही फेकी एकत्र मोजाव्या लागतात. चेंडू हलका असला तरी हात तेवढ्याच झपाट्याने फिरतो.

आतल्या बाजूस दाबल्यावर दुखणे, फेकीचे अंतर घटणे आणि हात पूर्ण सरळ न होणे ही प्रमुख लक्षणे. क्ष-किरण दोन्ही कोपरांचे काढून ताडून पाहतात, कारण या वयात चकतीची रुंदी मुळातच कमीजास्त असते. आतील चकतीच्या साध्या दुखण्यात ४ ते ६ आठवडे फेक पूर्ण बंद ठेवतात. ‘कट्’ असा आवाज होऊन सूज आली, तर तेल लावून चोळू नये. दुखावलेल्या कोपराभोवती स्नायूंत हाड तयार होऊन सांधा कायमचा आखडू शकतो. वेदना थांबून हालचाल पूर्ण झाली की १० ते १५ मीटरपासून दिवसाआड फेक सुरू करतात आणि दुसऱ्या दिवशी कोपर दुखले नाही तरच अंतर वाढवतात.