कुरूप, रुतलेलं नख, चिखल्या: पायाच्या तक्रारी आणि आमचे उपचार

आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण घरी काहीतरी करूनच येतात. कोणी दाढीच्या ब्लेडने कुरूप तासलेलं असतं, कोणी नखाचा कोपरा खोलवर कापून काढलेला असतो. त्याबद्दल आम्ही रागावत नाही, पण आधी आला असता तर काम सोपं झालं असतं, असं मनात येतंच.

पायाच्या बहुतेक तक्रारी दाबातून नाहीतर ओलाव्यातून निघतात. वरवरचं दुखणं काढलं आणि दाब तसाच ठेवला, तर ते परत येणारच. म्हणून पोडियाट्रिस्ट, म्हणजे पावलांचे तज्ज्ञ, तुमच्या पायाइतकीच तुमची चप्पलही उलटसुलट करून बघतात. तळ कुठल्या बाजूने झिजलाय यावरून चालताना भार कुठे पडतो ते कळतं.

कुरूप आणि घट्टे

एकाच जागी सतत घासलं की कातडी स्वतःला वाचवण्यासाठी जाड होते. पसरट जाड झाली तर घट्टा. तीच जाडी एका बिंदूवर आत दाबली गेली तर कुरूप, ज्याला काही भागांत भोवरी म्हणतात. चालताना चपलेतून खिळा वर आल्यासारखं टोचतं ते हेच. कुरुपाला मूळ असतं आणि ते उपटलं की काम झालं, असा पक्का समज आहे. मूळ वगैरे काही नसतं, आत असतो तो मेलेल्या कातडीचा घट्ट गाभा. बाजारात बसून ‘मुळासकट’ कुरूप काढून देणाऱ्यांकडे कृपया जाऊ नका.

आम्ही निर्जंतुक पात्याने ती मेलेली कातडी थर थर करून काढतो. तिथे संवेदना नसल्याने सहसा भूल लागत नाही आणि बहुतेकांना उठल्या उठल्या फरक जाणवतो. खरं काम पुढचं: त्या जागेवरचा दाब कमी करणं. त्यासाठी पुढून रुंद चप्पल, मऊ तळवा, बोटांमध्ये सिलिकॉनची गादी, जे बसेल ते. हे केलं नाही तर काही आठवड्यांत तुम्ही पुन्हा आमच्या खुर्चीत असाल.

औषधाच्या दुकानातल्या कुरुपाच्या पट्टीत सॅलिसिलिक आम्ल असतं. ते चांगली आणि मेलेली कातडी यांत भेद करत नाही. मधुमेह असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, तर ती पट्टी अजिबात लावू नका.

कुरूप समजून दाखवलेली गोष्ट कधी कधी चामखीळ निघते. कुरूप सरळ दाबल्यावर दुखतं, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटल्यावर जास्त दुखते. वरचा थर काढला की तिच्यात काळे ठिपके दिसतात. ती विषाणूमुळे होते, त्यामुळे उपचार वेगळा.

नख मांसात रुतणं

हे जवळजवळ नेहमी अंगठ्याचं असतं, आणि शाळा-कॉलेजच्या मुलांमध्ये फार. घट्ट बूट, घाम, आणि कोपरे गोल करून कापलेलं नख. राहिलेली बारीक कुसळ वाढताना मांसात घुसते, बाजू सुजते, पू होतो. नखाच्या मधोमध खाच पाडली की कडा आत ओढल्या जातात, हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. नख मागून, मुळाकडून वाढतं, पुढच्या खाचेचा त्याला पत्ताही लागत नाही.

सुरुवातीला आलात तर रुतलेली कुसळ काढून, कडेखाली कापसाची बारीक वात ठेवून भागतं. पुन्हा पुन्हा होत असेल तर छोटी शस्त्रक्रिया लागते. ती आमच्याकडे येणारे सर्जन करतात, आधीची तपासणी आणि नंतरचं ड्रेसिंग आम्ही बघतो. अंगठ्याच्या मुळाशी भुलीचं इंजेक्शन देतात. ते दुखतं, खोटं कशाला सांगायचं, पण त्यानंतर काही कळत नाही. पूर्ण नख काढत नाहीत, फक्त रुतलेल्या बाजूची अरुंद पट्टी काढून तिच्या मुळाला फिनॉल लावतात, म्हणजे तेवढी पट्टी सहसा पुन्हा उगवत नाही. (हे फरशी पुसायचं फिनाईल नव्हे. घरी प्रयोग नको.) त्याच दिवशी चालत घरी जाता येतं. जखम काही आठवडे ओलसर राहते, ते अपेक्षितच आहे. गरोदर असाल तर आधी सांगा.

पिवळं, जाड नख

बुरशी असू शकते, पण प्रत्येक जाड नख बुरशीचं नसतं. जुना मार किंवा सोरायसिसमुळेही नख तसंच दिसतं. म्हणून औषधाआधी नखाचा चुरा तपासायला पाठवतो. बुरशी निघाली तर डॉक्टर बहुधा टर्बिनाफिनच्या गोळ्या देतात, पायाच्या नखासाठी साधारण 12 आठवडे, आणि त्याआधी यकृताची रक्ततपासणी सांगतात. जाड नख आम्ही यंत्राने घासून पातळ करतो, त्यामुळे चप्पल-बुटात टोचत नाही. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष जातं. तेव्हा तीन महिन्यांनी ‘गुण नाही’ म्हणून निराश होऊ नका.

नखाखाली काळा पट्टा दिसला, मार लागल्याचं आठवत नाही आणि तो रुंद होतोय, तर त्यावर नेलपॉलिश न लावता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. असा पट्टा क्वचित कर्करोगाचा असतो.

चिखल्या आणि भेगा

पावसाळ्यात बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून खाज सुटते, त्या चिखल्या. बेचक्या कोरड्या पुसणं हा अर्धा उपचार, बुरशीचं मलम हा उरलेला. खाज थांबली तरी सांगितलेले दिवस मलम लावा. टाचेच्या भेगांना उलट ओलावा हवा: आम्ही घट्ट कडा घासून कमी करतो आणि युरिया असलेलं क्रीम सांगतो. कोकणातलं भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेलही भेगांना चांगलं, आमची हरकत नाही. मात्र ते बेचक्यांत नको.

मधुमेह असेल तर

इथे नियम बदलतात. संवेदना कमी झाली की खडा टोचलेला कळत नाही, गरम पाण्याने भाजलेलं कळत नाही. आम्ही 10 ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून, ट्यूनिंग फोर्कची थरथर जाणवते का ते बघून आणि पायाच्या नाड्या चाचपून तपासतो. हे दुखत नाही. वर्षातून एकदा तरी करून घ्या. वारीला किंवा प्रदक्षिणेला जायचं असेल तर निघण्याआधी करा. दुपारच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालल्याने तळव्याला आलेले फोड संध्याकाळपर्यंत लक्षातही येत नाहीत. घरातही मऊ एम.सी.आर. (बारीक छिद्रांच्या मऊ रबराची) चप्पल वापरा. जोडवी घट्ट होत असतील तर काढून ठेवा.

पाऊल लाल, गरम आणि सुजलेलं आहे पण दुखत नाही, किंवा बोट काळं पडतंय, जखमेला वास येतोय, तर आमची वेळ घेत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

येताना

नेलपॉलिश काढून या. चालू औषधांची यादी आणि साखरेचा शेवटचा रिपोर्ट आणा, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर फोनवरच सांगा. आणि रोज वापरता तीच चप्पल किंवा बूट घालून या, लग्नाकार्यातले नवे नकोत.