कावळ्याला खडे किती लागले असते?

इसापनीतीतला तहानलेला कावळा सगळ्यांच्या ओळखीचा. पण भांड्यात पाणी खरोखर तळाशीच असेल, तर खडे टाकून ते चोचीपर्यंत येतच नाही.

गोलसर खडे कसेही टाकले की त्यांच्यामध्ये साधारण 40 टक्के जागा फटींची राहते. पाणी आधी या फटींत मुरतं. 20 सेंमी उंच, 10 सेंमी व्यासाचं सरळ भांडं घ्या. चोच 5 सेंमी आत जाते असं धरलं, तर पाणी 15 सेंमीवर यायला हवं. त्यासाठी सुरुवातीलाच निदान 6 सेंमी पाणी हवं, आणि 2 सेंमी व्यासाचे जवळपास 170 खडे! पाणी 3 सेंमीच असेल, तर भांडं खड्यांनी काठोकाठ भरलं तरी ते साडेसात सेंमीवरच थांबतं, खड्यांच्या खाली. उलट 12 सेंमी पाणी असेल तर 56 खड्यांत काम होतं. घरी करून बघायचं असेल तर नदीतले गुळगुळीत खडे वापरा; विटांचे तुकडे पाणी पितात आणि हिशेब चुकतो.

खऱ्याखुऱ्या कावळ्याला हे जमतं का? पहिल्या शतकातल्या रोमन प्लिनीने असा पक्षी खरोखर पाहिला गेल्याचं लिहून ठेवलंय. नीट तपासणी मात्र 2009 साली झाली. ब्रिटनमध्ये ख्रिस्तोफर बर्ड आणि नेथन एमरी यांनी चार रूक पक्ष्यांपुढे (हे कावळ्याचे युरोपीय भाऊबंद) पाण्याची पारदर्शक नळी ठेवली आणि वर अळी तरंगत सोडली. चौघांनीही खडे टाकून अळी मिळवली. हळूहळू ते मोठे खडे निवडू लागले, आणि भुशाची नळी सोडून पाण्याची धरू लागले. एक गोष्ट मात्र विसरू नये: नळीत खडा टाकला की खाऊ मिळतो, हे त्यांना आधीच्या प्रयोगातून ठाऊक होतं. गोष्टीतल्या कावळ्याला ती कल्पना स्वतःच सुचली होती.

2014 साली प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या कावळ्यांना बुडणाऱ्या आणि तरंगणाऱ्या, भरीव आणि पोकळ वस्तूंतला फरक कळल्याचं दिसलं. अडले ते यू-नळीपाशी. तिथे खडे एका नळीत टाकायचे आणि पाणी चढणार शेजारच्या नळीत, जोड झाकलेला. ‘जे’ (jay) नावाचे पक्षीही, तेही कावळ्याचेच भाऊबंद, अशाच कोड्यात अडकले होते. लहान मुलांना मात्र ते शिकता आलं. जोड दिसत नसताना ‘असं कसं होईल?’ हा विचार पक्ष्यांना आड येतो आणि मुलांना येत नाही, असं आहे का, यावर अजून वाद घालता येईल.

2017 साली पाण्याची साधी सरळ नळी आठ रॅकूनांपुढे (हे उत्तर अमेरिकेतले सस्तन प्राणी) ठेवली. दोघं खडे टाकायला शिकले. एकाने सरळ नळीच उलथवली.