डिस्चार्ज कार्ड आणि फॉलो-अपचा आराखडा: दोन वेगळे कागद

शेवटची केमो संपते, डिस्चार्ज कार्ड हातात येतं आणि घरच्यांना वाटतं, पुढचं सगळं यातच असेल. तळाशी बहुधा एकच ओळ असते: ‘तीन महिन्यांनी ओपीडीत दाखवणे.’

डिस्चार्ज कार्ड त्या एका वेळच्या भरतीपुरतं असतं. कॅन्सरच्या फाईलमध्ये अशी बरीच कार्डं जमतात, पण झालेल्या उपचारांची बेरीज एकातही नसते. फॉलो-अपच्या आराखड्याची सुरुवात त्या बेरजेपासून होते: कॅन्सरचा प्रकार, स्टेज, प्रत्येक केमोचं नाव आणि एकूण डोस, रेडिएशन कुठे आणि किती दिलं. त्यानंतर पुढच्या वर्षांत कोणती तपासणी, केव्हा, कोणाकडे करायची ते. असा लेखी आराखडा प्रत्येक रुग्णाला मिळावा, अशी शिफारस अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2005 मध्ये केली होती.

एकूण डोस कशाला हवा? डॉक्सोरुबिसिन, म्हणजे ती लाल रंगाची केमो, जितकी जास्त दिली गेली तितका हृदय कमकुवत होण्याचा धोका वाढतो, आणि तो कित्येक वर्षांनीही डोकं वर काढू शकतो. तेव्हा दम लागला म्हणून रुग्ण गावातल्या डॉक्टरांकडे गेला, तर त्यांना हा आकडा कळायला हवा.

आपल्याकडे तंबाखूमुळे तोंडाचे कॅन्सर फार. त्यांच्या उपचारात मानेला रेडिएशन झालं असेल तर थायरॉइड मंदावू शकते, म्हणून दर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करतात. दाढ दुखली तरी ती परस्पर काढून घेऊ नये. रेडिएशन झालेल्या जबड्याची जखम भरून न येता हाड कुजू शकतं.

चांगला आराखडा खर्चही वाचवतो. स्तनाच्या कॅन्सरनंतर काही त्रास नसेल तर ठरावीक काळाने पेट स्कॅन, म्हणजे शरीरभर कॅन्सर शोधणारं स्कॅन, करण्याची शिफारस नाही. डॉक्टरांची नियमित तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) पुरते. निव्वळ भीतीपोटी लोक उसनवारी करून स्कॅन करतात, हे पाहून जीव तुटतो.

मुलांच्या बाबतीत हा कागद सर्वांत मोलाचा. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी 1991 पासून वेगळं क्लिनिक चालतं. तिसऱ्या वर्षी झालेली केमो मुलाला मोठेपणी कशी आठवणार?

म्हणून शेवटच्या भेटीत डॉक्टरांकडे ही माहिती एका पानावर लिहून मागा. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे ठेवा, फोटो मोबाईलमध्ये.