एक किलो डाळ आणि अर्धवट राहिलेले लसीकरण

राजस्थानातील उदयपूर जिल्ह्याच्या खेड्यांत लस मोफत होती आणि पहिली लस अनेक बालकांना मिळतही असे. पुढच्या मात्रा मात्र राहून जात. उपकेंद्र लांब, तिथे पोहोचल्यावर नर्स भेटेलच याची खात्री नाही आणि एक दिवसाची मजुरी बुडणार हे नक्की. लसीचा त्रास आज दिसतो, तर तिच्यामुळे टळलेला गोवर कधीच दिसत नाही. समोरच्या छोट्या तोशिशीपुढे दूरचा मोठा लाभ फिका वाटतो, या मानवी प्रवृत्तीचा वर्तनात्मक अर्थशास्त्र अभ्यास करते.

अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सेवा मंदिर' या संस्थेबरोबर १३४ गावांत केलेला प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या काही गावांत दर महिन्याला ठरल्या दिवशी लसीकरण शिबिर भरवले गेले. आणखी काही गावांत शिबिराबरोबरच प्रत्येक खेपेला एक किलो डाळ आणि लसीकरण पूर्ण झाल्यावर थाळ्यांचा संच दिला गेला. एक ते तीन वर्षे वयाच्या मुलांपैकी पूर्ण लसीकरण झालेल्यांचे प्रमाण यांपैकी काहीच न मिळालेल्या गावांत ६ टक्के, केवळ शिबिरांच्या गावांत १८ टक्के आणि डाळ मिळालेल्या गावांत ३९ टक्के आढळले. डाळीचा परिणाम मुख्यतः शेवटच्या मात्रांवर झाला, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण लोक नेमके तिथेच थांबत होते.

डाळ वाटणे म्हणजे गरिबांना लाच देणे, असा आक्षेप घेतला जातो. तो मला पटत नाही. एवढ्याशा डाळीसाठी लसीला मनापासून विरोध करणारे आईवडील मत बदलणार नाहीत. ती उपयोगी पडते ती 'पुढच्या महिन्यात जाऊ' म्हणणाऱ्यांना. शिवाय खर्चही घटला. मुले दोन येवोत की वीस, नर्सचा दिवस तेवढाच लागतो. त्यामुळे पूर्ण लसीकरण झालेल्या प्रत्येक बालकामागचा खर्च सुमारे २,२०० रुपयांवरून १,१०० रुपयांवर आला.

तरीही डाळ देऊनसुद्धा साठ टक्क्यांहून अधिक मुलांचे लसीकरण अपुरे राहिले. पुढे हरियाणात बॅनर्जी, डुफ्लो आणि इतर सहकाऱ्यांनी आणखी उपायही तपासले. गावात बातमी कोणामार्फत झपाट्याने पसरते, हे गावकऱ्यांनाच विचारून त्या व्यक्तींकडे शिबिरांची माहिती पोहोचवण्याचे काम सोपवले गेले आणि पालकांना मोबाइलवर आठवणीचे संदेश पाठवले गेले. खर्चाच्या मानाने हीच जोडी सर्वांत सरस ठरली.