त्रिस्तान दा कुन्हा : समतेच्या करारावर वसलेले गाव

दक्षिण अटलांटिक महासागरातल्या त्रिस्तान दा कुन्हा या ब्रिटिश बेटावर जमीन आजही सामाईक आहे. बाहेरच्या माणसाला ती विकत घेता येत नाही. एका कुटुंबाने किती गुरे-मेंढ्या पाळाव्यात यालाही मर्यादा आहे. कुरणे उजाड होऊ नयेत हे त्यामागचे एक कारण आणि एखादे घर इतरांपेक्षा फार गब्बर होऊ नये हे दुसरे. सर्वात जवळची वस्ती म्हणजे सेंट हेलेना, तीही दोन हजार किलोमीटरहून अधिक दूर. अशा ठिकाणी हे नियम कसे रुजले, याचे मूळ १८१७ सालात आहे.

पोर्तुगीज दर्यावर्दी त्रिस्ताव दा कुन्याला हे बेट १५०६ मध्येच दिसले होते, पण तिथे टिकाऊ वस्ती झाली नाही. पुढे नेपोलियनला सेंट हेलेनावर कैदेत ठेवल्यावर ब्रिटिशांनी १८१६ मध्ये इथेही शिबंदी आणून बसवली. वर्षभरातच ती परत बोलावण्यात आली. स्कॉटलंडच्या केल्सो गावचा विल्यम ग्लास हा कॉर्पोरल मात्र बायकामुलांसह मागे राहिला. त्याच्याबरोबर सॅम्युएल बर्नेल आणि जॉन नॅनकिव्हेल हे दोन गवंडी होते.

७ नोव्हेंबर १८१७ रोजी या तिघांनी एक करारनामा केला. साठा सगळ्यांचा सारखा, नफ्याचे वाटे सारखे, खरेदीचा खर्चही सारखाच. आजारपण सोडता प्रत्येकाने आपल्या वाट्याचे काम करायचे आणि सलोखा टिकावा म्हणून कुणीही कुणावर वरचढपणा करायचा नाही. ब्रिटिश साम्राज्यात तेव्हा गुलामगिरी कायदेशीर होती आणि हे लिहिणारा माणूस हुद्द्यांच्या उतरंडीत वाढलेला शिपाई होता, हे लक्षात घेतले की या कागदाचे मोल कळते. पुढे ग्लासला लोक ‘गव्हर्नर’ म्हणू लागले, तरी समतेचे ते कलम बेटाच्या अंगवळणी पडले.

१८२७ मध्ये बेटावरच्या अविवाहित पुरुषांच्या विनंतीवरून एका कप्तानाने सेंट हेलेनाहून पाच स्त्रिया आणल्या. आजच्या बेटवासीयांच्या या पूर्वजा. पण त्यांच्याविषयी फारच थोडे लिहिले गेले आहे. पुरुषांची नावे मात्र आडनावांत टिकली. १८३६ मध्ये जहाज फुटून आलेला डच खलाशी पीटर ग्रीन, १८९२ मध्ये तसेच आलेले रेपेटो आणि लावारेल्लो हे दोन इटालियन, शिवाय स्वेन, रॉजर्स, हेगन आणि ग्लास ही सात घराणी म्हणजे दीर्घकाळ सारे गाव.

या गावावर सर्वात मोठा घाला १८८५ मध्ये पडला. जवळून जाणाऱ्या जहाजाशी देवघेव करायला बोटीतून गेलेले १५ पुरुष परतलेच नाहीत. इतक्या लहान गावातले बहुतेक कर्ते हात एकाच दिवशी गेले. काही जण बेट सोडून गेले, उरलेल्यांनी बटाट्याची शेती आणि मासेमारी सावरली. बटाटा तर इथे चलनासारखाच होता: १९४६ मध्ये सुचवलेल्या टपाल तिकिटावर एक पेनीबरोबर ‘चार बटाटे’ अशी किंमत छापलेली होती. पैशातली मजुरी रुळली ती १९४२ मध्ये नौदलाचे रेडिओ केंद्र आले तेव्हापासून. त्यानंतर शेवंडांचा (लॉब्स्टरचा) कारखाना उभा राहिला.

ऑक्टोबर १९६१ मध्ये गावाच्या अगदी लगत ज्वालामुखी फुटला. सारे गाव आधी जवळच्या नाइटिंगेल बेटावर, मग केपटाऊनला आणि तिथून इंग्लंडला हलवावे लागले. साउदॅम्प्टनजवळच्या कॅलशॉटमध्ये त्यांना घरे मिळाली, नोकऱ्या मिळाल्या, मुलांना शाळा मिळाली. पण तिथल्या संसर्गांशी त्यांच्या शरीराची ओळखच नव्हती. श्वसनाच्या आजारांनी काही वृद्ध दगावले. आता हे लोक इथेच रुळतील, असा अधिकाऱ्यांचा होरा होता. डिसेंबर १९६२ मध्ये मतदान झाले तेव्हा १४८ जणांनी परतण्याच्या बाजूने कौल दिला, विरोधात फक्त पाच. मला हा कौल १८१७ च्या कागदाइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण इथे प्रत्येक प्रौढाने स्वतः मत दिले.

१९६३ मध्ये बहुतेक जण परतले. लाव्ह्याने कारखाना आणि बोटी लावण्याचा किनारा गिळला होता, घरे मात्र बहुतांशी शाबूत होती. नवे बंदर १९६७ मध्ये झाले. त्याला कॅलशॉटचेच नाव दिले. आज बेटाची लोकसंख्या अडीचशेच्या आत आहे आणि उत्पन्नाचा मोठा भाग शेवंडांतूनच येतो.