अर्ज मागे घेतला की खोटेपणा मिटतो?

अमेरिकेच्या इमिग्रेशन अर्जातली खोटी माहिती फाइलमध्येच पडून राहते, कुणी तपासत नाही; अर्ज मागे घेतला की विषय संपला, असं एजंट बिनधास्त सांगतात. दोन्ही चूक. हे अर्ज हाताळणाऱ्या यूएससीआयएस या सरकारी संस्थेचा फसवणूक शोधणारा एफडीएनएस विभाग संशयास्पद अर्ज तपासतो, प्रसंगी न कळवता कामाच्या जागी धडकतो. नोकरीच्या पत्रातलं पद आणि प्रत्यक्षातलं काम जुळलं नाही, की तिथेच गोम सापडते. गुन्ह्याचा संशय आला तर प्रकरण आयसीई या इमिग्रेशन गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या यंत्रणेकडे जाऊ शकतं. घरगुती हिंसाचाराच्या पीडितांच्या अर्जातल्या माहितीला अमेरिकी कायद्याच्या (8 यूएससी) 1367 कलमाचं गोपनीयतेचं संरक्षण आहे, पण कायदेशीर तपासाचा अपवाद त्यातही आहे. मागे घेतलेल्या अर्जातली तथ्यं पुढच्या अर्जात विचारात घेतली जातात. हे एजंट सोयीस्करपणे गाळतात.